राखेनं घासलेलं बॉनेट

परतीचा पाऊस हुबळीतल्या आमच्या उणकलवरून एकदाचा गेला की धूळ जागी होते. पावसाळाभर चिखल होऊन निजलेली असते, ती ऊन पडल्याबरोबर उठते आणि सगळ्यांत आधी माझ्या गाडीवर येऊन बसते. हुबळीची धूळ काळसर, धारवाडच्या पुढं गेलं की तांबडी, आणि आमच्या वसाहतीत सारखी बांधकामं चाललेली म्हणून तिच्यात सिमेंटची पांढरी भर. गडद निळ्या गाडीवर हे तिन्ही रंग वेगवेगळे ओळखता येतात. शाळेला दसऱ्याची सुट्टी लागली की पहिल्याच सकाळी मी पोर्चमध्ये दोन बादल्या मांडते, पाइप जोडते, आणि गल्लीला कळतं की आता टीचरच्या वाटेला जायचं नाही.

दोन बादल्या कशाला, असं विचारणारा दरवर्षी कुणीतरी निघतोच. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं. फडकं आधी नुसत्या पाण्यात खंगाळायचं, मग शाम्पूत बुडवायचं, म्हणजे गाडीवरून निघालेले वाळूचे कण परत गाडीवर जात नाहीत. इतकी साधी गोष्ट. पण आमच्या गल्लीत सगळे एकाच बादलीत तेच फडकं बुडवून गाडीची धूळ गाडीलाच चोळतात, आणि वर म्हणतात, हल्लीच्या गाड्यांचा रंग टिकत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे सांगितल्याशिवाय राहवत नाही. सांगायला लागले की लोकांना एकाएकी घरात कामं आठवतात.

गाडी धुऊन झाली की मी हातावर एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवते आणि बॉनेटवरून हलकेच फिरवते. उघड्या हाताला जे गुळगुळीत लागतं, तेच पिशवीतल्या हाताला खरखरीत लागतं. पाण्यानं न निघालेली, पत्र्याला चिकटून बसलेली घाण अशी बोटांना कळते. ह्या दिवसांत हवेत शेवंतीचा वास असतो, कुठल्या तरी घरी पंप चालू असतो, ऊन चांगलंच कडक झालेलं असतं पण सावलीत अजून ओल असते. अशा वेळी पिशवीतला हात फिरवत उभी असले की मला आमच्या गाडीचा पहिला दसरा आठवतो. आईनं गाडी घासली तो दसरा.

आमच्याकडे गाडीची पूजा नसते. आम्ही बौद्ध. खंडेनवमीला सगळी हुबळी आपापल्या वाहनांना हळद-कुंकू लावते, हार घालते, केळीचे खुंट बांधते, कोहळा फोडते आणि चाकाखाली लिंबं चिरडून गाडी एक फेरी मारून आणते. समोरच्या शांताक्कांच्या गाडीवर तर इतकी शेवंती असते की चालवणाऱ्याला रस्ता दिसतो की नाही अशी मला शंका येते. आमचा दिवस त्याच्या दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला. धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी पांढऱ्या साड्या नेसून वंदना करायची आणि मग धारवाडच्या पुढं, अळणावर गावाच्या अलीकडच्या खेड्यात, आईच्या माहेरी, मामाकडे जायचं. गाडी नवी आली त्या वर्षी शांताक्का काळजीनं आईला म्हणाल्या होत्या, "अक्का, एक हार तरी घाला की गाडीला. रस्त्यावर फिरती ती, नजर लागती." शांताक्का घरी कानडी बोलतात, आईशी मात्र हौसेनं मराठी.

"हार न्हाई घालत आम्ही," आई म्हणाली. "लख्ख ठेवतो."

आईनं लख्ख म्हटलं की त्याला वजन असायचं. मी लहान असताना ती जुन्या हुबळीतून रोज विद्यानगरला भांडी घासायला जायची. रोजची भांडी काय, सगळ्याच घासतात. आईचं नाव होतं ते पितळेसाठी. दसरा-दिवाळी जवळ आली की लोकांच्या माळ्यावरचे हंडे, घागरी, समया खाली उतरायच्या आणि आईला निरोपावर निरोप यायचे. चाळलेली राख, चिंचेचा कोळ आणि नारळाचा काथ्या, एवढंच तिचं सामान. एखाद्या घरी पाहुणे समईकडे बघून विचारायचे, नवी घेतली काय? आई स्वयंपाकघरात उभी राहून ते ऐकायची आणि घरी आल्यावर जेवता जेवता आम्हाला सांगायची. तिच्या हातांना ह्या दिवसांत चिंचेचा आंबट वास असायचा. त्याच हातांनी ती माझी वेणी घालायची, त्यामुळे तो वास माझ्याबरोबर शाळेत यायचा. कुणी नाक मुरडलं तर मी भांडायची. मला त्या वासाचा गर्व होता, आणि तो तेव्हाही मी लपवला नाही. तिनं घासलेलं भांडं आयुष्यात कुणी परत घासायला लावलं नव्हतं.

गाडी आली ती मला नोकरी लागून बरीच वर्षं झाल्यावर. आमच्या घराण्यातली पहिली चारचाकी. माझे वडील, अप्पा, कधीच गेलेले, मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे कुठला रंग घ्यायचा ह्यावर मतं द्यायला आई आणि मी दोघीच. शोरूममधला माणूस पांढरी घ्या म्हणून मागं लागला होता. म्हणाला, पांढरीवर धूळ दिसत नाही. आईनं त्याला विचारलं, "दिसत न्हाई म्हणजे नसती व्हय? निळी द्या." अशी ही निळी आली. सावलीत जवळजवळ काळी दिसते आणि उन्हात आणली की तिच्यातून निळाई वर येते. आई पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसली तेव्हा तिनं चपला बाहेर काढल्या होत्या. मी म्हटलं, घाल गं, गाडी आहे. ती म्हणाली, आजच्या दिवस असू दे.

मग मी गाडीच्या नादी लागले. वाचलं, व्हिडिओ बघितले, ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारून विचारून जेरीला आणलं. गाडीच्या रंगावर काचेसारखा एक पारदर्शक थर असतो. चमक असते ती त्या थराची, खालच्या रंगाची नव्हे. थर कागदाहूनही पातळ. त्याला जपायचं ते उन्हापासून, पाखरांच्या विष्ठेपासून, झाडांच्या चिकापासून आणि मुख्य म्हणजे कौतुकानं हात फिरवणाऱ्या माणसांपासून. भांड्यांचा साबण लावायचा नाही, तापलेल्या पत्र्यावर पाणी मारायचं नाही, कोरड्या धुळीवर फडकं फिरवायचं नाही. वॅक्स सावलीत लावायचं, थोडी थोडी जागा घेऊन, आणि मऊ फडक्यानं पुसून काढायचं. शाळेपाशी गाडी लावायला सावली नाही म्हणून मी शाळेत बसनंच जायची, अजूनही जाते. आई हे सगळं बघायची आणि म्हणायची, "एवढं कवतिक एखाद्या माणसाचं केलं असतंस तर लगीन झालं असतं तुझं."

त्या दसऱ्याला ती पहिल्यांदाच आपल्या गाडीतून माहेरी जाणार होती. मामाला फोन करून तसं सांगितलंही होतं. मामा तिचा धाकटा भाऊ, गावातच शेतावर कामाला. हे गाव म्हणजे सागाच्या रानाला लागून असलेलं लहानसं खेडं, गावात शिरणारी वाट एकच. त्या वाटेवरून तिचे वडील चपला हातात घेऊन चालायचे, इतकंच तिनं मला एकदा सांगितलं होतं. त्याहून जास्त ती त्यावर बोलत नाही. पण गावाला जाताना साडीची घडी मोडलेली तिला खपत नाही, चपलेवर चिखलाचा शिंतोडा खपत नाही. मग त्या वाटेवरून गाडी न्यायची तर ती कशी असायला हवी, हे आम्हा दोघींनाही वेगळं बोलायची गरज नव्हती.

दसरा आठवड्यावर आला होता. सुट्टी लागली तरी सहामाहीचे पेपर तपासायला आम्हा शिक्षकांना शाळेत बोलावलेलं. दारातल्या बदामाच्या झाडावरच्या पाखरांनी बॉनेटवर एक डाग टाकून ठेवला होता, आणि तो वाळला होता. संध्याकाळी भिजवून काढू असं मनाशी म्हणून मी शाळेत गेले. दुपारी परत आले तर फाटकातूनच बॉनेट दिसलं. ओलं होतं आणि नुसतं झळकत होतं. शेजारी आई, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत राखाडी. पायाशी काथ्याचा बोळा, चिंचेच्या कोळाची वाटी आणि राखेचा डबा. आमच्याकडे गीझर, चूल नाही. राख तिनं शांताक्कांच्या परसातल्या पाणी तापवायच्या चुलीतून मागून आणली होती आणि चाळून घेतली होती.

"बघ," ती म्हणाली. "पाखराचा डाग काढला, तर बाकीचं मळकं दिसाया लागलं. म्हटलं सगळंच घासून टाकू. सणाला निघालोय, कळकट कशाला न्यायची?"

मी काही बोलायच्या आतच पाणी वाळायला लागलं. कडेनं वाळत ते आत सरकलं, आणि जिथं वाळलं तिथली चमक गेली. ओलं असताना ओरखड्यांत पाणी भरलेलं असतं, म्हणून ते दिसत नाहीत. पाणी उडालं की सगळे उघडे पडतात. बघता बघता अख्खं बॉनेट पांढुरकं झालं. आईनं पुढं होऊन तांब्यातलं पाणी ओतलं. बॉनेट परत लख्ख. ती वाट बघत उभी राहिली. परत पांढुरकं. तिनं आणखी एकदा पाणी ओतून बघितलं. मग तांब्या खाली ठेवला, राखेच्या डब्याला झाकण लावलं आणि मला विचारलं, "मळ न्हवता व्हय तो?"

"मळ नव्हता आई. वरचा थर होता."

"आणि तो परत येत न्हाई."

"नाही येत."

ती हातपाय धुऊन आत गेली. मला रडू आलं, पण ते गाडीसाठी नव्हतं. ज्या हातांवर आमचं घर चाललं, मी शिकले, त्या हातांकडे ती त्या दुपारी परक्या माणसाकडे बघावं तशी बघत बसली होती.

त्या दिवसापासून तिनं घरची भांडी घासायची सोडली. जेवण झालं की सवयीनं ताटं गोळा करायची, मोरीपर्यंत न्यायची आणि ठेवून परत यायची. एरवी मी घासलेल्या ताटावर बोट ओढून नापास करणारी बाई, आता मी कशी घासते हे बघायलाही येईना. गॅरेजवाला येऊन बॉनेट बघून गेला. म्हणाला, परत रंग द्यावा लागेल टीचर, पण दसऱ्यानंतर, आता सगळी माणसं पूजेच्या गाड्यांत अडकलीत. आईनं आतून ते ऐकलं. रात्रीची भाकरी वाढताना म्हणाली, "तू गाडीनं जा. मी बसनं जाते."

"का?"

"भाऊ विचारंल, हे काय झालं. काय सांगू त्याला? जन्मभर लोकांचं घासलं आणि घरचंच बिघडवलं म्हणू?"

मी गाडी नेऊ शकले असते, किंवा दोघी बसनं जाऊ शकलो असतो, आणि मामानं तितक्याच प्रेमानं जेवू घातलं असतं. पण त्या वाटेनं गाडी जायची तर तिच्यात आई असायला हवी होती. तिच्याशिवाय ती गाडी गावात नेऊन मी कुणाला दाखवणार होते? दसऱ्याच्या आत बॉनेट परत आणायचं आणि आईला पुढच्या सीटवर बसवायचं, एवढं एकच मी मनात धरलं.

सकाळी उठून मी बॉनेटवर नख ओढून बघितलं. नख ओरखड्यात अडकलं तर तो खोल, त्याला इलाज नाही. नख वरून घसरून गेलं तर घासून निघण्याची आशा असते. डाव्या कडेला एका जागी अडकलं. बाकी सगळीकडे घसरलं. काथ्या असला तरी धरणारा हात आईचा होता. तिनं कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही, असा सारखा दाब लावला होता. इतक्या निगुतीनं बिघडवलेली गाडी मी दुसरी बघितलेली नाही.

बाजारातून कंपाउंडची डबी आणली. मलईसारखं असतं ते, स्पंजवर घेऊन पत्र्यावर चोळायचं. ऊन पोर्चमध्ये यायच्या आत मी कामाला लागायची. तळहाताएवढी जागा घ्यायची, चोळायची, पुसायची, वाकून उजेडात बघायची, परत चोळायची. खांदा भरून यायचा. चमक येत होती, नाही असं नाही, पण ठिकठिकाणी. एक तुकडा उजळ, त्याच्या शेजारचा धुरकट. रंगपंचमीनंतर तोंड धुतलेल्या पोरासारखं बॉनेट दिसायला लागलं. मी त्याच जागा परत परत घासत होते, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुणीतरी बघतंय हे मला कळत होतं.

"दाबतीस कशाला?" शेवटी खिडकीतून आवाज आला.

"काय?"

"सुरवातीला दाबतीस, शेवटाला सोडतीस. हात दमला की घाई करतीस. म्हणून तिथं धुरकट ऱ्हातंय. भांडं असतं तर माघारी दिलं असतं त्या लोकांनी."

"मग ये आणि दाखव."

"मी हात लावणार न्हाई," म्हणून खिडकी लागली. पण डोळ्यांसमोर वाईट काम चाललेलं आईला बघवत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. मी मुद्दाम आणखी वाईट घासलं असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. थोड्या वेळानं ती चहा घेऊन बाहेर आली. कप कट्ट्यावर ठेवला आणि डबीत डोकावली. बोटाच्या टोकावर जरासं कंपाउंड घेऊन अंगठ्यानं चोळून बघितलं. तिचे डोळे बारीक झाले.

"ही राखच की गं," ती म्हणाली.

"राखच म्हण. फक्त दळून दळून मैद्याहून बारीक केलेली."

"म्हणजे घासूनच निघतंय हे."

"घासूनच. तुझी रीत चुकली नव्हती आई. दाणा जाड पडला."

मी समजूत घालते आहे का, हे तिनं माझ्या तोंडाकडे बघून ताडून घेतलं. मी समजूत घालत नाही, माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोराला विचारा. ते खरंच तसं असतं. जाड दाण्याचे ओरखडे बारीक दाण्यानं काढायचे, त्याचे त्याहून बारीक दाण्यानं, इतके की शेवटी उरलेले ओरखडे डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यालाच आपण चमक म्हणतो. हे मी तिला पोर्चमध्ये उभं राहून वर्गात सांगते तसं सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग कमरेला खोचलेला किल्ल्यांचा जुडगा काढून कट्ट्यावर ठेवला, वाकल्यावर पत्र्याला लागू नये म्हणून. आणि स्पंज मागितला.

तिचा हात चालायला लागला आणि मी बाजूला सरकून बघत राहिले. लहान लहान गोल, एकावर एक चढत जाणारे, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच दाबाचे. दमली की थांबायची, पण दमलेल्या हातानं एक वेढा घेणार नाही. पुसायची वेळ कधी झाली हे ती बघून नाही, आवाजावरून ओळखायची. स्पंजाची ओली कुरकुर थांबून नुसता सुर्रसुर्र आवाज यायला लागला की फडकं. तिनं पहिला तुकडा पुसला तेव्हा खालून निळाई सबंध वर आली, कुठंही ढग नव्हता. तिनं त्यावर मान वाकवली, तिरकं बघितलं, समोरून बघितलं.  "उद्या उजवीकडचं घेऊ," म्हणाली आणि आत जाऊन सकाळची भांडी घासायला बसली. मोरीतून भांड्यांचा आवाज आला आणि माझा जीव भांड्यात पडला.

पुढचे दिवस माझ्या आठवणीत एकमेकांत मिसळून गेलेत. सकाळी उणकलच्या तलावाकडून येणारं धुकं, शेवंतीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन ओरडत जाणाऱ्या बायका, कुणाच्या तरी दारात उतरणारे केळीचे खुंट, आणि आमच्या पोर्चमध्ये आम्ही दोघी. बॉनेटच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मी. तिला बोलायला विषय लागायचे ते सगळे पितळेचे. कुणाच्या घागरीला किती वर्षांचं हिरवं चढलं होतं, कुणाची समई आतून पोकळ निघाली. मी मध्ये मध्ये थांबून तिचा हात बघायची आणि माझा सुधारायची. शांताक्का कोपऱ्यावरच्या दुकानात जाताना थांबायच्या, येताना थांबायच्या, आणि एकदा दूध तापत ठेवून आल्या होत्या ते विसरल्या. बॉनेटमध्ये स्वतःचं कपाळ दिसल्यावर त्यांनी कुंकू सारखं केलं. "एष्ट छंद ऐती," त्या कानडीत पुटपुटल्या. किती छान झालंय, म्हणाल्या, आणि मराठीत बोलायचं राहूनच गेलं.

खंडेनवमीला आम्ही वॅक्सचा शेवटचा हात दिला. गल्लीभर कोहळे फुटत होते, हॉर्न वाजत होते, अगरबत्तीच्या धुरानं हवा जड झाली होती. आई आतून तांब्याभर पाणी घेऊन आली. वॅक्स केलेल्या पत्र्यावर पाणी वाळू द्यायचं नसतं, डाग पडतात, हे मी सगळ्या जगाला सांगते. त्या दिवशी सांगितलं नाही. तिनं पाणी ओतलं. ते पसरलंच नाही, वाटाण्यासारखे थेंब होऊन उभं राहिलं आणि बरंचसं आपणहून घरंगळून गेलं. उरलेलं उन्हात वाळेपर्यंत आम्ही दोघी बॉनेटपाशीच उभ्या होतो. पाणी वाळलं. निळाई तशीच राहिली. डाव्या कडेचा तो एक खोल ओरखडा तेवढा उरला होता. आईनं त्याच्यावरून बोट फिरवलं आणि मग विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

आता ती थकली आहे. ह्या वर्षी बॉनेटपाशी तिला स्टूल लागतं, आणि एक बाजू झाली की ती मध्ये झोपून उठते. पण बॉनेट तिचं, दारं आणि मागची बाजू माझी, ही वाटणी बदललेली नाही. काल मी विचारलं, बॉनेटही मीच करू का? तर तिनं माझ्या वाटणीच्या दारावर बोट ओढून मला राहिलेली धुरकट जागा दाखवली. गल्लीतही थोडा फरक पडलाय. शांताक्का कुंकू पत्र्यावर लावत नाहीत, विड्याचं पान ठेवून त्याच्यावर लावतात. हे आईनं त्यांना सांगितलं, आणि त्यांनी बाकीच्यांना. मी इतकी वर्षं घसा कोरडा करून जे जमवलं नाही ते आईनं फाटकाशी उभं राहून बोलता बोलता जमवलं. लोक म्हणतात गर्व करू नये. ज्यांच्याकडे तो पिढ्यान् पिढ्या आहे त्यांनी खुशाल कमी करावा. आम्हाला तो ताजा मिळालाय आणि आम्ही तो वॅक्स लावून ठेवतो.

त्या पहिल्या दसऱ्याला आम्ही पांढऱ्या साड्या नेसून वंदना केली आणि निघालो. आई पुढं बसली, ह्या वेळी चपला घालून. धारवाड मागं पडलं, तांबडी माती सुरू झाली, आणि पुढं ट्रॅक्टर दिसला की आई म्हणायची, "लांब ऱ्हा, लांब ऱ्हा." गावाच्या अलीकडच्या ओढ्यापाशी तिनं गाडी थांबवायला लावली. बॉनेटवर धुळीचा पातळ थर बसला होता. तिनं पिशवीतून फडकं काढलं.

"आई, कोरड्या धुळीवर नाही."

"म्हाईत हाय," ती म्हणाली आणि मागच्या सीटखालून पाण्याचा कॅन ओढून काढला. पांढऱ्या साड्यांचे ओचे धरून दोन बायका रस्त्याच्या कडेला गाडी धूत होत्या. जाणाऱ्या टेम्पोतली माणसं वळून वळून बघत होती, आणि आई त्यांना बघू देत होती.

मग आम्ही गावात शिरलो. ती एकच वाट. आईनं काच खाली घेतली आणि मला सांगितलं, मधनं घे, कडेनं नको. मी मधून घेतली, आणि हळू. मामाच्या दारात गाडी उभी राहीपर्यंत मामा आणि शेजारपाजारचे बाहेर आले होते. मामा गाडीभोवती एक चक्कर मारून बॉनेटपाशी थांबला. खाली वाकून बघितलं, टोपी सारखी केली, परत बघितलं.

"अक्का, काचच की गं ही," तो म्हणाला. "हुबळीत कुठल्या गॅरेजात करून घेतलीस?"

मी दार उघडून उतरत होते. काय सांगावं हे मी वाटेत ठरवून ठेवलं होतं, आणि त्यात राखेचं नावही नव्हतं. पण आई माझ्याआधी उतरली होती. तिनं मामाचा हात धरला, त्याला डाव्या कडेला घेऊन गेली आणि उरलेल्या ओरखड्यावर त्याचं बोट टेकवलं.

"हे मी राखेनं घासून बिघडवलेलं," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. मग त्याचा हात तसाच उचलून तिनं त्या मोठ्या, निळ्या, उन्हात तळपणाऱ्या बॉनेटवर सपाट ठेवला. "आणि हे मीच नीट केलेलं. बघ हात फिरवून."